चाक सरळ होतं

चांगदेव म्हात्र्यांच्या दारात पहिला ट्रक आला तेव्हा त्यांची लेक विनिता तिसरीत होती. आळीतली बाकीची पोरं केबिनमध्ये चढून हॉर्न वाजवत होती आणि ही मात्र ट्रकखाली वाकून, एवढी अवजड गाडी नेमकी कशावर उभी आहे ते बघत होती. फ्रॉकला ग्रीस लागलं म्हणून आईने, येसूबाईने, पाठीत धपाटा घातला, पण ते खूळ काही गेलं नाही. मुलगी शिकली, इंजिनीयर झाली, आणि आता चाकणकडच्या एका कंपनीत मोठ्या ट्रकांचे मागचे एक्सल कसे असावेत ते ठरवायचं काम करत होती.

एक्सल म्हणजे नुसता दांडा नव्हे. बाहेरून एक लांब, पोकळ लोखंडी अंग असतं, मधोमध फुगलेलं, अजगराने काहीतरी गिळल्यासारखं. त्या पोटात गिअर बसतात. या सगळ्या अंगाला हाउसिंग म्हणतात, आणि गाडीचा नि मालाचा भार त्याच्यावर असतो. त्याच्या दोन्ही बाहूंमधून एकेक दांडा जातो आणि पोटातल्या गिअरची फिरकी चाकापर्यंत पोहोचवतो. तो शाफ्ट. विनिताची गेली काही वर्षं त्या बाहेरच्या अंगापायी गेली होती. जिथे ताण कमी तिथला पत्रा तिने पातळ केला, बाहू पोटाला मिळतात तिथली वळणं मऊ केली, वेल्डिंगची शिवण ताणाच्या जागेवरून बाजूला सरकवली. सिमेंटच्या अर्ध्या पोत्याइतकं वजन उतरलं. कंपनीतल्या यंत्राने त्या हाउसिंगला लाखो वेळा वाकवून, दाबून पाहिलं आणि ते टिकलं. मग ते वेगवेगळ्या मुलखांतल्या काही ट्रकांना बसवून प्रत्यक्ष रस्त्यावर पाठवायचं ठरलं.

त्यातला एक ट्रक जीवनचा, म्हणजे तिच्या थोरल्या भावाचा निघाला. तिने नाव सुचवलं नव्हतं. कंपनीला खाऱ्या हवेतला आणि घाटातला मार्ग हवा होता, आणि जीवनने कुणाकडून तरी ऐकून स्वतःच गाडी पुढे केली होती. बहिणीने केलेला एक्सल आपल्या गाडीला, याचं त्याला कोण कौतुक. रेवदंड्याच्या नाक्यावर चहा पिताना अनोळखी माणसालाही तो वाकून हाउसिंग दाखवायचा.

चांगदेवांना मात्र ते पटलं नव्हतं. चाळीसेक वर्षं त्यांनी गाडी हाकलेली, आधी दुसऱ्याची, मग स्वतःची. "लोखंड काढलंस म्हणजे ताकद काढलीस," असं ते तिला म्हणाले होते. तिने वळणं, ताण, शिवण, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून, गुडघे दुखत असतानाही, जीवनच्या शेजारी गाडीत जाऊन बसायला लागले. मला घरी करमत न्हाय, एवढंच कारण सांगत. खरं कारण विनिताला ठाऊक होतं आणि ते तिला लागलंही होतं.

पौषातल्या एका रविवारी विनिता चौलला माहेरी आलेली होती. संध्याकाळी मडक्यात शेंगा भाजून पोपटी लावायची म्हणून ती आणि येसूबाई पडवीत वालाच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. जीवन आणि चांगदेव पहाटेच दिघीकडून पत्र्याच्या कॉइली, म्हणजे अवजड गुंडाळ्या, भरून माणगावच्या बाजूला निघाले होते. मडक्यात घालायला भांबुर्डीचा पाला पुरेल का, यावर मायलेकींचं बोलणं चाललं होतं. तेवढ्यात फोन वाजला.

जीवनचा आवाज तुटत तुटत येत होता. "विने, एक्सल गेला. बोर्लीच्या पुढं, घाटान. बाबा..."

आणि फोन बंद.

तिने पुन्हा लावला, पुन्हा लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. चांगदेवांचा फोन तर घरातच खुंटीवरच्या शर्टात वाजायला लागला. येसूबाईने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता मांडीवरच्या शेंगा खाली झटकल्या. नेसत्या लुगड्यानिशीच ती विनिताच्या गाडीत जाऊन बसली.

रेवदंड्याचा पूल ओलांडेपर्यंत विनिताच्या डोक्यात काहीच नव्हतं. पूल संपला, कोर्लई मागे पडलं, आणि मग तिला सगळं एकदम दिसायला लागलं. बाहू पोटाला मिळतो तिथे, शिवणीच्या कडेला, केसाएवढी चीर. ती चीर वाढत जाते. घाटाच्या उतारावर, मागे कॉइलींचं वजन रेटत असताना, बाहू मोडतो, चाक आत कलतं, गाडी बसते, आणि कॉइली पुढे केबिनवर येतात. मोडलेलं हाउसिंग कसं दिसतं हे तिला माहीत होतं. सुरुवातीचे काही नमुने तिने स्वतः मोडेपर्यंत दाबले होते आणि त्यांचे फोटो टेबलासमोर लावले होते. तेव्हा त्या फोटोंत तिला फक्त आकडे दिसायचे.

काशिदच्या किनाऱ्यावर सुट्टीची गर्दी होती. उंटावर बसलेली मुलं, उसाचा रस, रस्त्यात आडव्या लागलेल्या गाड्या. येसूबाई समोर बघत बसली होती. तिच्या पदरात एक शेंग अडकून आली होती आणि ती तिने मुठीत धरून ठेवली होती.

मुरूडच्या अलीकडे विनिताने गाडी कडेला घेतली आणि निकेतला फोन लावला. निकेत तिचा वरिष्ठ. शांत माणूस, पण नव्या एक्सलचं उत्पादन महिन्याभरात सुरू व्हायचं होतं आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर होत्या. तिने कळलं तेवढं सांगितलं.

"हाउसिंग की शाफ्ट?" त्याने पहिला प्रश्न तोच विचारला.

"माहीत नाही. एक्सल गेला, एवढंच म्हणाला."

निकेत म्हणाला की अजून काहीच माहीत नाही तर घाबरून जाऊ नकोस, आधी पोहोच, बघ, मग ठरवू. बाकीच्या ट्रकांबद्दल तो काही बोलला नाही. विनिताला कळलं की ते तिनेच बोलायला हवं.

"सर, बाकीच्या सगळ्या गाड्या आत्ता थांबवा. जिथे असतील तिथे, रिकाम्या करून."

 त्याने विचारलं, खात्री आहे का, कारण एकदा थांबवल्या की वरपर्यंत जाईल आणि नंतर आपण न बदललेला शाफ्टच तुटलेला निघाला तर हसं होईल. ती म्हणाली, होऊ दे. दुसरीकडे कुणाचा तरी बाप गाडीत बसलेला असेल. निकेतने पुढे एकही प्रश्न न विचारता थांबवतो म्हणून सांगितलं.

आगरदांड्याला फेरीबोट नुकतीच सुटली होती. पुढची येईपर्यंत जेट्टीवर थांबण्याशिवाय इलाज नव्हता. खाडीचं पाणी संथ होतं, लांब जंजिऱ्याचा किल्ला दिसत होता, आणि रांगेतल्या गाड्यांमधली माणसं खाली उतरून फोटो काढत होती. विनिताने एकीला, बाई जरा पुढे जाऊ द्याल का, असं विचारलं. बोट इथे नाही तर पुढे जाऊन काय उपयोग, हे विचारल्यावर तिच्या लक्षात आलं.

बोटीवर गाडी चढली तेव्हा येसूबाईने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"हे तूच केलेलं कं? जे मोडलं?"

"बहुतेक."

येसूबाई पाण्याकडे बघत राहिली. ती उरणकडच्या मिठागरवाल्यांची लेक. मग म्हणाली, "माझा बापूस भरतीला बांध फुटला की आधी कुठं फुटला ते बघायचा. रडायचं ते मंग. बहुतेक म्हणू नको. बघ आधी."

त्या बोलण्याने विनिताला धीर आला असं नाही, पण बोट धक्क्याला लागायच्या आतच तिने गाडी सुरू केली.

दिघी, मग बोर्ली पंचतन. बाजारपेठेत तिने एका टपरीवाल्याला विचारलं, घाटात ट्रकला काही झालंय का. तो म्हणाला, एक गाडी उभी आहे खरी, सकाळपासून. उभी आहे. हा शब्द तिने मनात धरून ठेवला. बाजार संपला, आंब्याची कलमं मागे पडली, रस्ता चढायला लागला. चढ संपला आणि उतार सुरू झाला, आणि दुसऱ्या वळणावर तिला ट्रक दिसला.

ट्रक डोंगराच्या बाजूला, गटारीला लागून उभा होता. मागे झाडाच्या फांद्या टाकल्या होत्या. विनिताने आधी माणसं बघितली नाहीत. तिची नजर सरळ मागच्या चाकावर गेली.

चाक सरळ होतं.

जमिनीशी काटकोनात, जसं असायला हवं तसं. कललेलं नाही, आत घुसलेलं नाही. कॉइली आपल्या जागी, साखळ्या ताठ. तिने गाडी कशीबशी कडेला लावली आणि हँडब्रेक ओढला, आणि तिच्या छातीतून असा काही श्वास बाहेर पडला की येसूबाई घाबरून तिच्याकडे वळली.

"आई, हाउसिंग धडधाकट आहे. आतला शाफ्ट तुटलाय. काही नाही झालेलं."

"आणि तुझा बापूस?"

चांगदेव रस्त्याच्या पलीकडे, एका घराच्या ओट्यावर बसून तांदळाची भाकरी खात होते. कपाळाला हळद लावलेली. त्यांनी बायकोला पाहिलं आणि घास हातातच ठेवून विचारलं, "तू कनाला आलीस?"

येसूबाईने तिथेच, रस्त्याच्या मधोमध, रडायला सुरुवात केली आणि रडता रडता नवऱ्याला असं झापलं, की ओट्यावरची घरधनीण सोनाबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली.

ट्रकखालून जीवन बाहेर आला, कोपरापर्यंत काळा. त्याने विनिताच्या हाताकडे बघितलं, मग तिच्या गाडीत डोकावून बघितलं.

"एक्सल कुठं हाय?"

"कुठला एक्सल?"

"अगो, फोनवर सांगितलं न्हाय? बाबा म्हणतात, घरी पत्र्याच्या शेडमध्ये जुना एक्सल पडलाय, तो घेऊन ये."

विनिता त्याच्याकडे बघतच राहिली. कंपनीत एक्सल म्हणजे चाकापासून चाकापर्यंतचं सगळं. आणि ड्रायव्हर लोकांत, तिच्या स्वतःच्या घरात, एक्सल म्हणजे फक्त आतला दांडा. लहानपणापासून ऐकलेला हा शब्द ती सकाळपासून ऑफिसच्या कानाने ऐकत होती. तिला हसू आलं, मग ते आवरेना, मग त्याचंच रडू झालं. जीवनने काळ्या हाताने तिच्या डोक्यावर थोपटलं आणि तिचे केस माखून टाकले.

घडलं ते त्याने सांगितलं. उतारावर, बंदुकीचा बार उडावा तसा मागे आवाज झाला. इंजिनने गाडीला मागे धरून ठेवलेला जोर एकदम सुटला आणि गाडी पुढे पळायला लागली. खालून एस.टी. येत होती. पण ब्रेक चाकांवर असतात आणि चाकं जाग्यावर होती. जीवनने ब्रेक दाबत दाबत गाडी डोंगराच्या अंगाला घेतली आणि ती थांबली. शेवटच्या हिसक्याला चांगदेवांचं कपाळ काचेच्या चौकटीवर आपटलं, एवढंच. एस.टी.चा ड्रायव्हर उतरून फांद्या तोडू लागला होता. फोनला वरच्या वळणावरच थोडी रेंज मिळाली, तीही जीवन बोलत असतानाच गेली, आणि त्याला वाटलं, सगळा निरोप पोहोचला.

येसूबाईचं रडणं थांबलं होतं. तिने विचारलं, दांडा तुटला तर मग चाक का नाही निखळलं. विनिताने तिचाच हात हातात घेतला. बांगडी मनगटावर असते, तसं चाक बाहेरच्या नळीवर बसलेलं असतं, असं तिने सांगितलं. वजन नळी पेलते. आतला दांडा नुसता फिरवायचं काम करतो. तो तुटला तर फिरणं थांबतं, पण चाक जिथल्या तिथे राहतं. मोठ्या गाड्यांचे एक्सल असेच करतात, ती काही आपली करामत नाही, हेही तिने सांगितलं.

"पण नळी तुझी."

"नळी माझी."

"मंग झालं," येसूबाई म्हणाली, आणि सोनाबाईने पुढे केलेली भाकरी घेतली.

पण विनिताच्या दृष्टीने अजून झालं नव्हतं. एवढा हिसका बसल्यावर तिच्या शिवणीवर काय परिणाम झाला ते बघायलाच हवं होतं. बोर्लीहून विनेश नावाचा मेकॅनिक आला होता. त्याने माणगावला फोन करून नवा शाफ्ट मागवला आणि तो येईपर्यंत चाक उतरवायला घेतलं. बाहेरचा अर्धा दांडा सहज निघाला. आतला तुकडा त्याने तारेचा फासा घालून ओढून काढला. विनिताने दोन्ही तुकडे उन्हात धरले. तुटलेल्या तोंडाची कडेची बाजू काळपट, जुनी होती आणि बाकीची चकचकीत, ताजी. चीर आजची नव्हती. जीवनला आठवलं, पावसाळ्याच्या शेवटी खाडीकाठच्या एका कामावर गाडी चिखलात रुतली होती आणि त्याने जोर काढून काढून ती बाहेर काढली होती. त्याच दिवशी दांड्याला पीळ पडला असणार. जीवन ओशाळला. ती म्हणाली, चिखलात रुतणार नाहीत अशा गाड्या कुठे असतात. शाफ्ट तपासायची मुदत कमी करायला हवी, ते आमच्या कामाचं आहे.

मग तिने सोनाबाईकडे पावडरचा डबा आहे का विचारलं. सोनाबाईला आधी समजेना, ट्रकच्या खाली पावडर कशाला. विनिताने हाउसिंगच्या शिवणी घासून स्वच्छ पुसल्या, त्यांवर डिझेलचा बोळा फिरवला, थोडं मुरू दिलं, पुन्हा कोरडं पुसलं आणि वरून पावडर उधळली. कुठे चीर असेल तर तिच्यात शिरलेलं डिझेल पावडरीत पाझरून रेघ दिसते. कंपनीत यासाठी रंग मिळतो. इथे मोगऱ्याचा वास सुटला.

ती चटईवर, ट्रकखाली उताणी पडून बघत राहिली. डोक्याच्या वर हातभर अंतरावर ते पांढरं झालेलं पोट. बाहू जिथे मिळतात ती वळणं तिने इतकी वर्षं पडद्यावर फिरवून फिरवून पाहिली होती. ती अशी, चिखलाचे शिंतोडे उडालेली, मीठ खाऊन जरा गंजलेली, तिने कधी निवांत बघितलीच नव्हती. रेघ उमटली नाही. उजव्या बाजूला नाही, डाव्या बाजूला नाही. खालून तिला रस्त्यावरचे पाय दिसत होते, आईचे, सोनाबाईचे, विनेशचे. तिला एकदम भूक लागली.

बाहेर आल्यावर ती वरच्या वळणावर चालत गेली आणि तिथून निकेतला सगळं सांगितलं. शाफ्ट गेला, शाफ्टमध्ये आपण काही बदललेलं नव्हतं, जुनी चीर होती, हाउसिंगला काही नाही, तुकडे मी घेऊन येते. फोनवर त्याने इतका लांब निःश्वास सोडला की तिला तो ऐकू आला. तो म्हणाला, गाड्या थांबवल्याचं वरपर्यंत गेलंच आहे आणि उद्या दोघांनाही विचारतील. मग जरा थांबून म्हणाला, "बरं झालं थांबवल्या. नाहीतर रात्री झोप लागली नसती." तिने सुचवलं की सोडण्याआधी प्रत्येक गाडीचे शाफ्ट काढून बघूया, आणि त्याला ते लगेच पटलं.

परत येऊन ती सोनाबाईच्या ओट्यावर बापाशेजारी बसली. सोनाबाईने तिच्या ताटात भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी आणि कांदा वाढला. आता कुठे जाताय, रात्रीची वस्ती इथेच करा, असा तिचा आग्रह चालला होता. चांगदेव विडी ओढत समोरच्या ट्रकाकडे बघत होते. विनेश नवा शाफ्ट आत सरकवत होता आणि जीवन नट हातात घेऊन उभा होता.

"पावडर लावून काय मिळालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही मिळालं, बाबा."

"हां."

 विडी संपली. मग गुडघ्यावर हात टेकून उठता उठता, जीवनला ऐकू जाईल अशा बेताने त्यांनी सांगितलं, "उद्यापास्नं मी न्हाय येत गाडीवर. गुडघं दुखतात."

जीवनने नट बसवता बसवता बहिणीकडे बघितलं. विनिताने ताटात मान घातली आणि भाकरीचा मोठा तुकडा तोंडात कोंबला, कारण बोलायला गेली असती तर पुन्हा रडली असती.

उन्हं कलायला लागली तेव्हा गाडी तयार झाली. माल पोचवायचाच होता. येसूबाईने नवऱ्याला आपल्याबरोबर गाडीत बसायचा हुकूम केला, पण ते ऐकेनात. आजची खेप पुरी करतो, म्हणाले, आणि जीवनने खालून आधार दिल्यावर केबिनमध्ये चढले. फांद्या बाजूला झाल्या. ट्रक गुरगुरला, जरा हलला आणि खालच्या गिअरमध्ये उतार उतरायला लागला. ब्रेकच्या सुस्काऱ्यांचा आवाज वळणावळणाने येत राहिला.

माल उतरेपर्यंत सोबत करायची म्हणून विनिता मागोमाग, अंतर ठेवून चालली होती. घाट संपेपर्यंत तिची नजर त्या मागच्या चाकावर होती, मग सपाटी आली आणि तिने ती काढून घेतली. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताचे खुंट, मधूनच वालाचे हिरवे वाफे. तिला आईला काहीतरी सांगायचं होतं म्हणून ती वळली. येसूबाईची मान खांद्यावर कलली होती आणि ती तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. विनिताने काच वर केली आणि गाडी जरा हळू घेतली.